येशूवरचा सिनेमा घरात मिळून कसा बघायचा आणि बघून झाल्यावर मत कसं मांडायचं

आमच्या घरी वडगाव शेरीला दरवर्षी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, येशूवरचा एक तरी सिनेमा लागतोच. आधी काय व्हायचं की सिनेमा संपला की दहा मिनिटांत वाद सुरू, एक म्हणणार फार सुंदर, दुसरा म्हणणार असं बायबलमध्ये नाहीचे मुळी, आत्या डोळे पुसत म्हणणार तुम्ही गप्प बसा रे, आणि एवढं सगळं होऊन बायबल मात्र कपाटावरच. कोणी उघडून बघायचंच नाही. मग गेली काही वर्षं आम्ही एक पद्धत धरलीये आणि ती खरंच उपयोगी पडते म्हणून लिहितेय. घरी, सोसायटीत, मंडळीच्या (चर्चच्या) तरुणांच्या ग्रुपला, कुठेही चालेल.

सगळ्यात आधी सिनेमा निवडताना एक प्रश्न विचारायचा, हा कोणत्या शुभवर्तमानावर, म्हणजे येशूचं आयुष्य सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी कोणत्या पुस्तकावर आहे? बरेच जण हे विचारतच नाहीत आणि मग अर्धी भांडणं तिथूनच निघतात. मत्तय, मार्क, लूक, योहान, चौघं एकाच येशूबद्दल सांगतात पण प्रत्येकाचा सूर वेगळा आहे. पासोलिनीचा 1964 चा इटालियन सिनेमा फक्त मत्तयावर आहे आणि त्यातले संवाद जवळजवळ सगळे मत्तयाच्या मजकुरातूनच उचललेत. 1979 चा 'जीझस' लूकवर आहे, तो 2000 हून जास्त भाषांमध्ये डब झालाय, मराठीतही आहे, दोनेक तासांचा, घरात आजीआजोबा असतील तर सुरुवात यानेच करा. 2003 चा 'द गॉस्पेल ऑफ जॉन' योहानाचा मजकूर शब्दाला शब्द घेतो, तीन तास लागतात, पाठीला उशी घेऊन बसायचं. झेफिरेलीची 1977 ची 'जीझस ऑफ नाझरेथ' ही टीव्हीसाठी केलेली मालिका, सहा तासांच्या वर आहे आणि ती चारही शुभवर्तमानं एकत्र करते, ती एका बैठकीत बघायच्या भानगडीत पडू नका, तीन रविवार घ्या. मेल गिब्सनचा 2004 चा 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट' फक्त शेवटच्या बारा तासांचा. 'द चोझन' ही मालिका घटना शुभवर्तमानातल्या घेते पण शिष्यांची घरं, बायका, कर्ज, भांडणं हे पुष्कळसं लेखकांनी रचलेलं आहे आणि ते तसं मोकळेपणाने सांगतात.

हे कळलं की अर्ध्या तक्रारी आपोआप गळतात. पासोलिनीचा बघून माझा भाचा म्हणाला हा येशू किती रागीट आहे, हसतच नाही, भराभर चालतो काय, बोलतो काय. मी त्याला मत्तयाचा 23 वा अध्याय मोठ्याने वाचायला लावला, शास्त्री आणि परूशांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपुढाऱ्यांना, "तुम्हाला हायहाय" म्हणणारा. वाचून झाल्यावर तो गप्प. म्हणजे दिग्दर्शकाने राग बाहेरून आणलेला नाही, मत्तयात आहे तो. आपण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये मेंढरू खांद्यावर घेतलेला येशू बघतो म्हणून आपल्याला तो अनोळखी वाटतो. (त्यात येशूचं काम करणारा मुलगा एन्रिके इराझोकी हा व्यावसायिक नट नव्हता, स्पेनमधला विद्यार्थी होता, आणि येशूची आई मरीया, उतारवयातली, म्हणजे पासोलिनीची स्वतःची आई. क्रुसाखाली ती कोसळते तो सीन हे माहीत असताना बघा.)

दुसरं, आधी वाचायचं. सगळं पुस्तक नाही हो. मत्तयावरचा सिनेमा असेल तर 5 ते 7 म्हणजे डोंगरावरचं प्रवचन आणि 26 ते 28. लूकवरचा असेल तर 1, 2, 15 आणि 22 ते 24. आदल्या रात्री जेवण झाल्यावर पाळीपाळीने मोठ्याने वाचा. भाषांतर कुठलंही चालेल, आमच्याकडे बायबल सोसायटीचं आहे, आत्याकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल', आणि पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं भाषांतर कोणाच्या घरी असेल तर ते जरूर आणायला सांगा, इथे केडगावला बसून त्या बाईंनी केवढं काम केलंय. शब्द वेगवेगळे येतात ते येऊ द्या, त्यातूनच ऐकणारा जागा राहतो.

तिसरं, बघताना मधे थांबवायचं नाही. हा नियम कडक ठेवा. दर पाच मिनिटांनी पॉज करून "हे कुठंय हे कुठंय" केलं की सिनेमाही जातो आणि वचनही जातं. त्याऐवजी प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल द्यायची आणि तीनच खुणा सांगायच्या. शुभवर्तमानातलं ओळखीचं वाटलं तर बरोबरची खूण, नवीन भर वाटली तर 'भ', आणि जिथे आतून काही हललं तिथे एक टिंब. टिंब महत्त्वाचं आहे. त्याचं कारण विचारायचं नाही.

संपल्यावर लगेच लाइट लावू नका, दोन मिनिटं बसू द्या, मग चहा. आणि मग बोलायचा क्रम उलटा ठेवायचा, सगळ्यात लहान आधी, मोठी माणसं शेवटी, पाळक किंवा फादर आले असतील तर ते अगदी शेवटी. कारण एकदा का पाळकसाहेब बोलले की बाकीचे मान डोलवतात आणि विषय संपतो. पहिल्या फेरीत फक्त टिंबं सांगायची, काय भिडलं तेवढंच, पुस्तक उघडायचं नाही. आत्याने एका वर्षी सांगितलं की तिने नगर जिल्ह्यातल्या गावात लहानपणी पडद्यावर 'दयासागर' बघितला होता, म्हणजे 1978 च्या तेलुगू 'करुणामयुडू'चं हिंदी डबिंग, आणि तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटले की तिला त्यात येशू झालेल्या विजयचंदरचाच चेहरा दिसतो. ती हे इतक्या संकोचाने सांगत होती, जणू काही चूकच केलीये.

त्यावर शेजारचे काका जे बोलले ते मला अजून पुरतंय. काका वारकरी घरातले, पण दरवर्षी येतात, म्हणाले अहो आमचं तरी काय वेगळं आहे, तुकोबा म्हटलं की आम्हाला विष्णुपंत पागनीसच दिसतात. प्रभातचा 'संत तुकाराम' 1936 चा, इथेच पुण्यात झालेला, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या जागेत. आणि पुढचं तर मला माहीतच नव्हतं, त्यातलं 'आधी बीज एकले' हे तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांनी सिनेमासाठी लिहिलंय, आणि लोक ते गाथेत शोधत बसतात. काकांनी स्वतः शोधलं होतं. म्हणाले सापडलं नाही तेव्हा वाईट वाटलं, पण ते पद खोटं आहे असं मला आजही म्हणवत नाही, फक्त ते तुकोबांचं म्हणून मी सांगत नाही.

आमची सगळी पद्धत याच वाक्यावर चालते. ग्रंथात नाही म्हणजे खोटं असं नाही, पण ग्रंथात नाही ते ग्रंथातलं म्हणून सांगायचं नाही.

आता दुसरी फेरी, पुस्तक उघडून. 'भ' च्या खुणा घ्यायच्या आणि एकेक तपासायची. भर तीन प्रकारची निघते, हे कळायला आम्हाला वेळ लागला.

एक, चौघांचं एकत्र केलेलं. नाताळचा सीन घ्या, मेंढपाळ आणि गव्हाण लूकमध्ये, तारा आणि मागी लोक (पूर्वेकडून आलेले ज्ञानी) मत्तयात, आणि मत्तयात ते 'घरात' येतात, तीन होते असंही कुठे लिहिलेलं नाही, देणग्या तीन आहेत फक्त. क्रुसावरचे सात उद्गार आपण गुड फ्रायडेला एका दमात ऐकतो पण एकाही शुभवर्तमानात सातही नाहीत. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" मत्तय आणि मार्कात, "हे बापा, त्यांना क्षमा कर" लूकमध्ये, "पूर्ण झाले आहे" योहानात. मंदिरातल्या सराफांना हाकलणं योहानात सुरुवातीला दुसऱ्या अध्यायात येतं, बाकी तिघांकडे शेवटच्या आठवड्यात, आणि हातातला दोऱ्यांचा कोरडा एकट्या योहानात. त्यामुळे सिनेमात कोरडा दिसला नाही म्हणून चूक काढायच्या आधी सिनेमा कोणावर आहे ते बघा. अशा भरीला मी आक्षेप घेत नाही.

दोन, मोकळी जागा भरलेली. शुभवर्तमानं फार थोडक्यात सांगतात, योहान तर येशूचा मित्र लाजर याच्या कबरेपाशी नुसतं "येशू रडला" एवढंच लिहितो. किती वेळ, आवाज करून की मूकपणे, काही नाही. नटाला तर काहीतरी करावंच लागतं. चेहऱ्याचंही तेच, येशू दिसायला कसा होता हे चौघांपैकी एकानेही लिहिलेलं नाही, त्यामुळे रॉबर्ट पॉवेलचे निळे डोळे ही झेफिरेलीची निवड आहे, वचन नाही. आणि जुन्या करारातल्या यशयाच्या 53 व्या अध्यायातलं सेवकाचं वर्णन, जे मंडळी येशूबद्दलच वाचत आली, ते तर म्हणतं की मोहक वाटावं असं त्याच्यात काही नव्हतं. हे वाचल्यावर आमच्याकडच्या कॅलेंडरवरच्या गोऱ्या येशूबद्दल घरात पहिल्यांदा बोलणं झालं आणि चांगलं झालं.

तीन, बदललेलं किंवा दुसरीकडून आणलेलं. इथे थांबायचं आणि वेळ द्यायचा. येशूच्या मागे आलेली मग्दालीया मरीया सिनेमांमध्ये सर्रास वेश्या दाखवतात. लूक 8 काढा, तिच्यातून सात भुते निघाली एवढंच आहे. लूक 7 मधली पाय धुणारी बाई निनावी, योहान 8 मधली व्यभिचारात धरलेली बाई पण निनावी. पोप ग्रेगरीने 591 मध्ये एका प्रवचनात लूकमधली पापी बाई, लाजराची बहीण आणि मग्दालीया या एकच म्हणून सांगितल्या आणि ते चिकटलं. गिब्सनच्या सिनेमात तर योहान 8 मधली बाई सरळ मग्दालीयाच आहे. एका बाईवर चौदाशे वर्षं नसलेला ठपका आहे आणि आपण चहा पीत तोच पुढे नेतो, मला याचा खरंच त्रास होतो, आणि मी दरवर्षी हे मुद्दाम वाचून दाखवते.

'पॅशन' वर सगळ्यात जास्त चर्चा होते म्हणून थोडं जास्त लिहिते. त्यात येशूला फटके मारण्याचा सीन कितीतरी मिनिटं चालतो, पण मत्तय, मार्क, योहान प्रत्येकाने त्याला एकेकच ओळ दिलीये, लूक तर रोमी सुभेदार पिलाताच्या तोंडी नुसतं म्हणवतो. पिलाताची बायको मत्तयात स्वप्नाचा निरोप पाठवते तेवढीच, सिनेमात ती येशूच्या आईला, मरीयेला, कापड आणून देते आणि मरीया फरशीवरचं रक्त टिपते, हे कॅथरीन एमेरिक या जर्मन साध्वीच्या दर्शनांतून आलंय, ती 1824 मध्ये वारली आणि तिची दर्शनं ब्रेंटानो या कवीने लिहून काढली. रुमाल देणारी वेरोनिका क्रूसाच्या वाटेच्या (येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाचे टप्पे आठवत करायच्या प्रार्थनेच्या) परंपरेतली, शुभवर्तमानात नाही. कॅथलिक माणसाला हे सगळं घरचं वाटतं कारण तो उपवासकाळात शुक्रवारी क्रूसाची वाट करतो, आणि आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट घरातल्याला ते परकं वाटतं, म्हणून मत वेगळं पडतं. दोघंही मनापासूनच बोलत असतात. माझं मत विचाराल तर शुभवर्तमानकारांनी वेदनेचं वर्णन जाणूनबुजून आखडतं घेतलंय आणि सिनेमा ते पसरवतो, तिथे मला तो वचनापासून लांब गेलेला वाटतो. पण पडलेल्या लेकराकडे आई धावते तशी मरीया धावते तो सीन कुठल्याच शुभवर्तमानात नाही आणि माझ्या कागदावर तिथे टिंब होतं. दोन्ही मी तशीच सांगते.

हा सिनेमा लहान मुलांना दाखवू नका. आमच्याकडे एकदा सात वर्षांची भाची मधेच उठून आली आणि तिने बघितला, नंतर कित्येक रात्री दिवा लावून झोपायची. मुलांसाठी लूकवालाच ठेवा, आणि त्यातही क्रुसाच्या वेळी जवळ घेऊन बसा.

1988 चा 'लास्ट टेम्पटेशन' कोणी काढलाच तर त्याला ही पद्धत लावू नका, तो कझान्झाकिस या ग्रीक लेखकाच्या कादंबरीवर आहे आणि आपण शुभवर्तमानावर आधारलेलो नाही हे तो सुरुवातीलाच सांगतो. त्याच्यावर वेगळं बोलावं लागेल आणि ते घरातल्या सगळ्यांसोबत नको.

ख्रिस्ती नसलेले शेजारी आले तर त्यांना शिकवायला जाऊ नका, उलट त्यांना आधी बोलू द्या. आपल्याला गोष्ट पाठ असते म्हणून आपण बघतच नाही. काकांनीच विचारलं होतं की येशूचा शिष्य पेत्र त्याला ओळखत नाही असं तीनदा म्हणतो तेव्हा तो शेकोटीपाशी का उभा आहे, आणि मग आम्ही योहान उघडला तर पुनरुत्थानानंतर येशू त्याला "माझ्यावर प्रीती करतोस काय" असं तीनदा विचारतो त्याआधी किनाऱ्यावर पुन्हा कोळशाचा विस्तवच. इतकी वर्षं ऐकून आमच्यातल्या कोणाच्या लक्षात नव्हतं.

शेवटी मत लिहायचं, एकेका माणसाने दोन वाक्यं. पहिलं वाक्य मला काय वाटलं, दुसरं ते कुठून आलं. "बोअर आहे" किंवा "एकदम बायबलप्रमाणे" हे चालत नाही. आत्याचं मागच्या वर्षीचं असं होतं, "येशू आईला योहानाच्या हवाली करतो तिथे मला माझ्या भावाची आठवण आली. योहान 19, 26 आणि 27, सिनेमात आहे तसंच आहे." कागदावर तारीख आणि सिनेमाचं नाव घालायचं आणि ज्या शुभवर्तमानावर सिनेमा आहे तिथेच बायबलमध्ये ठेवून द्यायचा. आमच्या मत्तयात आता सात कागद झालेत, त्यातला एक काकांचा आहे.