शाळेच्या मान्यतेचं नूतनीकरण: जूनपासूनच तयारी कशी करावी

मान्यतेची मुदत संपायला दोन-तीन महिने उरले की लहान संस्थांमधून फोन येऊ लागतात. "बाई, फाइलला काय काय लागतं?" कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी मुख्याध्यापिका होते, निवृत्तीनंतर एका संस्थेचं सचिवपद सांभाळते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. कागदांची यादी मी देतेच. पण आधी विचारते, तुमच्या चौथीतली कोणती मुलं न शिकवलेला धडा न अडखळता वाचतात, त्यांची नावं सांगा. बहुतेक ठिकाणी त्यावर शांतता असते. माझ्या मते नूतनीकरणाची तयारी तिथूनच सुरू व्हायला हवी.

हा विचार माझ्या डोक्यात पक्का झाला तो माझ्या भाचीमुळे. ती फिलाडेल्फियात राहते आणि तिचा मुलगा तिथल्या चार्टर शाळेत जातो. चार्टर शाळा सरकारी पैशावर चालते, फी घेत नाही, पण तिचा कारभार स्वतंत्र मंडळ पाहतं. आपल्या अनुदानित शाळेशी तिचं बरंच साम्य आहे. मात्र तिला मुदतीचा करार असतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात १९९७च्या कायद्याप्रमाणे पहिला करार तीन ते पाच वर्षांचा, पुढचा प्रत्येक पाच वर्षांचा. फिलाडेल्फियात हा करार शहराचं शिक्षण मंडळ करतं आणि त्यांचं चार्टर शाळांसाठीचं वेगळं कार्यालय दरवर्षी प्रत्येक शाळेचं मूल्यमापन करतं. ते तीन बाजूंनी पाहतं: मुलं शिकली का, शाळा नियमाने चालते का, आणि पैशाची स्थिती ठीक आहे का. मुदत संपत आली की या सगळ्या वर्षांचा हिशोब एकत्र मांडला जातो आणि मंडळ जाहीर बैठकीत मतदान करतं. कधी पाच वर्षं सरळ मिळतात, कधी अटी घातल्या जातात, कधी करार नाकारण्याची कारवाई सुरू होते. नाकारायचा तर जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि त्यावर राज्याच्या अपील मंडळाकडे जाता येतं. तिथंही सगळं सुरळीत चालतं असं मी म्हणणार नाही. अटी मान्य नाहीत म्हणून नव्या करारावर सह्याच न होता शाळा वर्षानुवर्षं चालल्याची उदाहरणं त्याच शहरात आहेत. पण पहिला प्रश्न 'मुलं शिकली का' हा असतो, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे तपासणीचा भर इमारत, शिक्षक आणि कागद यांवर असतो. मुलांचा प्रश्न आपणच आपल्याला विचारायचा.

तो असा विचारा. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटं बोलवा. दुसरीच्या पातळीचा एक उतारा, चौथीच्या पातळीचा एक, हातच्याची वजाबाकी आणि एक भागाकार. एवढं पुरतं. शक्यतो मुख्याध्यापकांनी स्वतः बसावं, कारण वर्गशिक्षकाला आपल्या मुलांबद्दल माया असते आणि शेरा नकळत सैल होतो. नावानिशी वहीत लिहा. दसऱ्याच्या सुट्टीनंतर पुन्हा घ्या, फेब्रुवारीत पुन्हा. जूनमध्ये मूल कुठं होतं आणि फेब्रुवारीत कुठं पोचलं, हे या वहीतून दिसतं. फिलाडेल्फियातही नुसते अंतिम गुण पाहत नाहीत, मुलाची प्रगती किती झाली तेही पाहतात आणि तशाच मुलांच्या इतर शाळांशी तुलना करतात. आपल्यासारख्या शाळांना तेच न्याय्य आहे. घरी कुणी वाचणारं नसलेलं मूल आणि शहरातलं शिकवणीला जाणारं मूल एका मापाने मोजू नये. तुलना करायचीच असेल तर आपल्याच क्लस्टरमधल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळेशी करा. त्या गटाचं काम पाहणाऱ्या सीआरपींना विचारलंत तर ते आनंदाने मदत करतात.

हे काम कायद्याबाहेरचंही नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून गरजेप्रमाणे जादा शिकवणं आणि पालकांना भेटून हजेरी-प्रगती सांगणं, ही त्यातलीच. त्यामुळे वही फाइलला जोडलीत तर अधिकाऱ्यांना तुम्ही काही वेगळं दाखवत नाही, कायद्याने सांगितलेलं काम केल्याचा पुरावा देता.

हजेरीचं कारणासह लिहून ठेवा. जांबोटी-कणकुंबीकडे जुलैच्या पावसात ओढे भरले की एसटी पोचत नाही, त्यात भातलावणी. निपाणी-चिकोडीकडे ऊसतोड सुरू झाली की टोळ्यांबरोबर मुलं येतात, आणि हंगाम संपला की निघून जातात. कॅटलॉगमध्ये, म्हणजे हजेरीपटात, नुसता गैरहजेरीचा शेरा दिसला तर शाळा निष्काळजी वाटते. कारण, पालकाशी झालेलं बोलणं आणि मूल परतल्यावर बुडालेला अभ्यास कसा भरून काढला हे तीन रकाने असले की तीच नोंद शाळेच्या बाजूने बोलते. सॅट्सवरची (राज्याची विद्यार्थी नोंदीची ऑनलाइन व्यवस्था) पटसंख्या, यूडायसमध्ये (देशभरातल्या शाळांची माहिती नोंदवणारी व्यवस्था) भरलेली, कॅटलॉगमधली आणि अक्षरदासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या, जेवणाची नोंद, या चार ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. तपासणीला आलेला माणूस पहिल्यांदा हेच पडताळतो.

आता कागद. सर्वांत जास्त वेळ खातात ती नावं. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुन्या संस्थांची नोंदणी त्या काळातली, घटना मराठीत, जमिनीचा जुना उतारा सातबारा, आणि आताचा आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीचा उतारा, कन्नडमध्ये. त्यात १ नोव्हेंबर २०१४पासून सरकारी कागदांवर बेळगावचं बेळगावी झालं. एका कागदावर 'शिक्षण प्रसारक मंडळ', दुसऱ्यावर 'मंडळी', तिसऱ्यावर नुसतं शाळेचं नाव, असं असलं की अर्ज अडकतो. म्हणून जूनमध्येच एका मोठ्या कागदावर सगळ्या दाखल्यांवरची संस्थेची, शाळेची आणि गावाची नावं जशीच्या तशी उतरवून काढा. फरक दिसेल तिथं दुरुस्तीचा अर्ज लगेच करा. उताऱ्यावर मयत अध्यक्षांचं नाव असेल तर ते आधी बदलून घ्या. महसूल खात्यातलं काम आपल्या मुदतीकडे पाहून होत नाही.

संस्थेची कार्यकारिणी बदलली असेल तर ठराव, इतिवृत्त आणि निबंधकांकडे द्यायची वार्षिक यादी अद्ययावत हवी. अंतर्गत वादामुळे दोन गटांनी दोन याद्या दिल्या आहेत, अशा संस्था सीमाभागात कमी नाहीत. तो वाद मिटेपर्यंत कुणाचीच सही चालत नाही आणि भोगतात मुलं. मंडळींनो, खुर्चीसाठी शाळा अडवू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते.

इमारतीसाठी पाऊस संपायची वाट पाहू नका. गळती जूनमध्ये दिसते, दुरुस्ती दिवाळीनंतर होते, म्हणून पावसातच भिंती, कौलं आणि वासे यांचे तारीख पडलेले फोटो काढून ठेवा. २००४मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुलं गेली. त्यानंतर सुप्रीम कोर्टाने २००९मध्ये शाळांच्या इमारतींची आणि अग्निसुरक्षेची बाब सक्तीची केली. स्वयंपाकाची खोली वर्गाला लागून आणि छप्पर गवताचं किंवा ताडपत्रीचं असेल तर दाखल्याचा विचार नंतर, आधी ती खोली हलवा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात बाकीचं दिलेलं आहे: प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, कुंपण, मैदान, ग्रंथालय, अपंग मुलाला आत येता येईल अशी वाट. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास शिकवणं व्हायला हवं. पावसाच्या सुट्ट्या किती दिल्या आणि शनिवारी वर्ग घेऊन किती भरून काढल्या, ते वेळापत्रकात दाखवा.

शिक्षकांच्या पात्रतेची प्रमाणपत्रं आणि सेवापुस्तकं मुख्याध्यापकांकडे असतातच. त्यात कन्नडच्या शिक्षकाची नोंद विसरू नका. २०१५च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक झालं, २०१७-१८पासून टप्प्याटप्प्याने. यावर आपल्यात मतं खूप आहेत. माझं मत साधं आहे. मराठी माध्यम हा आपल्या मुलांचा हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. पण ज्या मुलाला कन्नड नीट येत नाही त्याला एसएसएलसीला (दहावीच्या परीक्षेला), कोर्टात, तहसील कचेरीत रोज अडचण होते. दोन्ही भाषा चांगल्या शिकवा आणि दोन्हींच्या वह्या तपासणीला ठेवा.

भाषिक अल्पसंख्याक संस्था म्हणून तुमची स्थिती काय, तेही आत्ताच पाहून घ्या. २००२च्या टी. एम. ए. पै खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून ठरतं. म्हणजे खानापूर तालुक्यात मराठी माणसं कितीही असली तरी कर्नाटकात आपण भाषिक अल्पसंख्याकच. राज्यघटनेच्या ३०व्या कलमाचा, म्हणजे आपल्या शिक्षणसंस्था आपण काढण्याचा आणि चालवण्याचा, हक्क त्यातून येतो. मात्र तो हक्क म्हणजे तपासणीतून सूट नव्हे. मुलांची सुरक्षितता आणि शिक्षणाचा दर्जा यांबाबत सरकार विचारू शकतं, आणि त्याने विचारावंच.

पैशाबद्दल थोडक्यात. ऑडिट दरवर्षी वेळेवर, देणग्यांच्या पावत्या क्रमाने, पगार बँकेतून. तिघा शिक्षकांचे पगार सहा महिने थकलेली शाळा कागदावर कितीही सुंदर दिसली तरी ती अडचणीत आहे. फिलाडेल्फियात शाळेकडे किती दिवसांचा खर्च भागेल एवढी रोकड आहे, हे तपासतात. आपणही कार्यकारिणीच्या बैठकीत हा आकडा दर तिमाहीला मांडावा.

अर्ज ऑनलाइन असतो आणि मजकूर कन्नडमध्ये. भरायला कन्नड वाचणारा शिक्षक बसवा, आणि भरलेलं सगळं सचिवाला मराठीतून वाचून दाखवल्याशिवाय पाठवू नका. सही तुमची असते. कागदांची यादी दरवेळी बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) ऑफिसातून नवी घ्या, मागच्या वेळची चालेल असं धरू नका. आणि कुठल्या ऑफिसात जायचं ते नीट पाहा. बेळगाव जिल्ह्यात शिक्षण खात्याचे दोन जिल्हे आहेत. खानापूर, बैलहोंगल, सौंदत्ती, रामदुर्ग हे बेळगावच्या डीडीपीआयकडे (शिक्षण खात्याचे जिल्हा उपसंचालक). निपाणी, हुक्केरी, गोकाक, रायबाग, अथणी हे चिकोडीच्या.

तपासणीच्या दिवशी वर्ग नेहमीप्रमाणे चालू ठेवा. मुलांना स्वागतगीतासाठी उन्हात उभं करू नका. अधिकाऱ्यांना आधी वर्गात न्या, मुलांना वाचायला सांगा, मग ऑफिसात फाइल उघडा. शेरेबुकात त्यांनी जे लिहिलं त्याची त्याच दिवशी प्रत काढा, प्रत्येक त्रुटीपुढे कोण आणि कधीपर्यंत ते लिहून कार्यकारिणीपुढे ठेवा आणि पूर्ततेचं पत्र पोच घेऊन द्या. पोच नसलेलं पत्र दिलंच नाही असं समजा.

आदेश आला की अटी वाचा. अटींसह मान्यता मिळाली असेल तर प्रत्येक अट पालकसभेत मोठ्याने वाचून दाखवा, पालकांना ते कळायला हवं. आणि मान्यता काढून घेण्याची नोटीस आली तर घाबरून शाळा बंद करू नका, दुर्लक्षही करू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या १८व्या कलमाप्रमाणे बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय मान्यता काढता येत नाही, आणि काढण्याच्या आदेशात मुलांना जवळच्या कोणत्या शाळेत घ्यायचं हे लिहावं लागतं. मात्र मान्यता काढल्यावरही शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे रोजचे दहा हजार. सुनावणीला जाताना वकील असो वा नसो, मुलांच्या प्रगतीची ती वही बरोबर न्या. आणि त्या आदेशात नाव येऊ शकेल अशी जवळची मराठी माध्यमाची शाळा किती किलोमीटरवर आहे, वाटेत कोणता ओढा लागतो, पावसाळ्यात बस जाते का, हे लेखी मांडा.