बरोक धाटणीचं निसर्गचित्र रंगवताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी रंकाळ्यावर, संध्यामठासमोर कुणी ना कुणी ईझल लावून बसलेलं असतंच. कोल्हापूरला यात नवल नाही. इथल्याच आबालाल रहिमान या जुन्या चित्रकारांनी हाच परिसर रंगवला. हल्ली मुलं मोबाइलवर याकोब फान राउसडाल नाहीतर क्लॉद लोरेन या सतराव्या शतकातल्या, म्हणजे बरोक काळातल्या, युरोपीय चित्रकारांचं चित्र दाखवतात आणि विचारतात, "सर, हा जुना सोनेरी उजेड कसा आणायचा?" विचारता विचारता दुसऱ्या हातानं ट्यूबमधला तयार हिरवा, सॅप ग्रीन, पॅलेटवर पिळणं चालूच असतं.

तो आधी बंद करा. सतराव्या शतकातले चित्रकार झाडांचा हिरवा बहुतेक वेळा निळ्या-पिवळ्यातून बनवायचे. त्यातला वनस्पतींपासूनचा पिवळा पुढं उडाला, म्हणून त्या काळच्या काही चित्रांत पानं आज निळसर दिसतात. मी निळ्या अल्ट्रामरीनमध्ये पिवळसर रॉ सिएना घालतो, जवळच्या झाडात तपकिरी बर्न्ट अंबर. हिरवा कमी, तपकिरी जास्त. तयार हिरवा माझ्या पेटीतच नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची, म्हणून जरा सविस्तर. ऐन पावसाळ्यात पंचगंगेचा घाट रंगवायला घेतला. दिवाळीतल्या प्रदर्शनाला द्यायचा होता. सावल्या गडद हव्यात म्हणून पहिल्याच थरात काळा आयव्हरी ब्लॅक, आणि ब्रश सुळसुळीत चालावा म्हणून त्यात जवसाचं तेल सढळ हातानं. चौथ्या दिवशी बोट लावलं, चिकटलं नाही. झालं, वाळलं! वरून टर्पेंटाइननं पातळ केलेलं आभाळ आणि देवळं. प्रदर्शनात वाहवा मिळाली. शिमग्याला फ्रेम उतरवली तर शिखरावर आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या भेगा. कडेला नख दाबलं, तर आत रुतलं.

तैलरंग जलरंगासारखा पाणी उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि जेवढं तेल जास्त तेवढा वेळ जास्त. वरचा कमी तेलाचा थर आधी कडक झाला आणि खालचा नंतर हलला, की भेग ठरलेली. काळा तर तेल पिणारा आणि आळशी. अंबरमध्ये मँगनीज असतं, तो लवकर वाळतो. म्हणून आता पहिला थर फक्त बर्न्ट अंबरचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ; उजेडाच्या जागा फडक्यानं पुसून काढायच्या. मग उन्हाळ्यात आठवडा, पावसात दोन आठवडे हात लावायचा नाही. पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडं थोडं वाढवायचं. "हेअर ड्रायर मारू का?" असं विचारणाऱ्याला मी चहा आणायला पाठवतो.

क्षितिज मधोमध आखू नका. राउसडालच्या हार्लेम या डच गावाच्या चित्रांत दोन तृतीयांश आभाळच आहे, आणि ढगांच्या सावलीत बुडालेल्या जमिनीवर उन्हाचे मोजकेच पट्टे. आपल्याकडं उसाच्या फडांवर पावसाळी ढग धावतात तेव्हा नेमकं हेच दिसतं, पण मुलं सगळीकडं ऊन पाडतात आणि दुकानातलं कॅलेंडर तयार होतं.

ढगात नुसता टिटॅनियम व्हाइट नको. तो विसाव्या शतकातला, थंड आणि दांडगा. चिमूटभर यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, घाला.

बारीक ब्रश शेवटच्या दिवसापर्यंत पिशवीतच ठेवा.

व्हार्निश सहा महिन्यांच्या आत नाही, जाड थर असेल तर वर्षभर नाही. गिऱ्हाईक घाईत असेल तर ती त्याची अडचण.

आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. माझ्या स्टुडिओत दाराशी झाकणाचा पत्र्याचा डबा आहे, अर्धा पाण्यानं भरलेला. फडकी त्यात.