तोंडातलं लायकेन प्लॅनस: मलम लावायचं कसं आणि जेवणाचं काय करायचं

माझ्या दोन्ही गालांना आतून पांढऱ्या रेघा आल्या त्याला आता चार वर्षं होतील. आधी वाटलं तोंड आलंय, उष्णता झाली असणार, म्हणून सब्जा झाला गुलकंद झाला, मग एका डॉक्टरांनी चार महिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, आमटीचा घोट घेतला की डोळ्यातनं पाणी. सासूबाई म्हणायच्या पानात चुना जास्त झाला असेल, खरं मी पानच खात नाही. शेवटी निघालं ते लायकेन प्लॅनस.

तर ज्यांना असं होतंय त्यांनी आधी नक्की काय आहे ते बघून घ्या. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ दोन्हीकडे डेंटल कॉलेज आहे, तिथं गेल्यावर ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाच्या आजारांचा विभाग कुठाय ते विचारा. लायकेनच्या रेघा जाळीसारख्या असतात, बहुतेक दोन्ही बाजूंना, आणि पुसून जात नाहीत. पांढरं दह्यासारखं असून पुसलं की निघत असेल तर ती बुरशी. आणि सुपारी-गुटखा खाणाऱ्याचं तोंड आखडून तीन बोटं उभी आत जात नसतील तर तो वेगळाच आजार, त्याला हे मलम उपयोगाचं नाही. बायोप्सी म्हटल्यावर आमच्याकडे रडारड झाली होती, प्रत्यक्षात सुन्न करून छोटासा तुकडा काढतात, टाका घालतात, झालं. जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला कारण बीपीच्या, शुगरच्या, सांधेदुखीच्या काही गोळ्यांनीसुद्धा अशाच रेघा येतात, चांदी भरलेल्या दाताला लागून गालावर पण येतात. खरं मनानं गोळी बंद करू नका.

हा संसर्ग नाही, आपल्याच शरीरातल्या पेशी तोंडाच्या अस्तरावर उठतात, त्यामुळं ताट-पेला वेगळा ठेवायची काही गरज नाही. मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही, आग आटोक्यात ठेवायची. नुसत्या रेघा आहेत, जळजळ नाही, तर बऱ्याचदा औषधच लागत नाही, फक्त तपासत राहायचं. मनगटावर जांभळट खाजरे पुरळ किंवा खालच्या जागी जळजळ असेल तर लाजू नका, सांगा, ते त्यातलंच असू शकतं.

आता मलम. साधारण ट्रायमसिनोलोन ०.१ टक्के पेस्ट देतात, जास्त असेल तर क्लोबेटासोल ०.०५ टक्के. क्लोबेटासोलच्या नळीवर फक्त बाहेरून लावण्यासाठी असं छापलेलं असतं, ते वाचून मी दोन दिवस लावलंच नव्हतं, डॉक्टरांनी तोंडासाठी म्हणून दिलं असेल तर लावा. रात्री जेवण, दात घासणं, पाणी पिणं सगळं उरकून आरशासमोर उभं राहायचं, गाल बोटानं बाहेर ओढायचा आणि स्वच्छ कापसानं ती जागा टिपून कोरडी करायची, ओल्यावर लावलं तर पाच मिनिटांत थुंकीबरोबर पोटात. मग ज्वारीच्या दाण्याएवढं बोटावर घेऊन नुसतं टेकवायचं, चोळायचं नाही! पेस्ट चोळली की वाळूसारखी कचकच होते आणि निघून येते, टेकवली की वर गुळगुळीत पापुद्रा धरतो. त्यानंतर अर्धा तास तरी काही खायचं प्यायचं नाही. किती वेळा आणि किती आठवडे ते डॉक्टर सांगतील तेवढंच, बरं वाटलं म्हणून वर्षभर लावत बसायचं नाही कारण हे स्टिरॉइड आहे, त्यानं तोंडात बुरशी धरते, मग तिचं वेगळं औषध. हिरड्यांना असेल तर मापाचा मऊ ट्रे करून मिळतो, त्यात मलम घालून बसवायचं.

खाण्याचं म्हणाल तर आपल्याकडं अवघडच आहे, कांदा-लसूण चटणीशिवाय घास उतरत नाही. आग असेल तेव्हा चटणी, चिंच, टोमॅटो, आमसूल बंद, भाकरीची कडक कड काढून मधला भाग दुधात कुस्करायचा. कुंदा चालतो की, शुगर नसेल तर. टूथपेस्टच्या खोक्यावर सोडियम लॉरिल सल्फेट दिसलं तर ती नको, दालचिनी-पुदिन्याची झणझणीत पण नको. ब्रश मऊ घ्या आणि दातांवरचं किटण वेळेवर काढून घ्या, किटणानं हिरड्या जास्त चिडतात. आणि मिश्री! निपाणीकडच्या माझ्या मावश्या मिश्री लावल्याशिवाय चहा पीत नाहीत, लायकेन असलेल्या तोंडाला ती अजिबात नको.

याचा कॅन्सर होतो का हे सगळेच विचारतात. साधारण शंभरात एखाद्याला, तोही वर्षानुवर्षांनी, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायचं. मधे एखादा फोड तीन आठवड्यांत भरला नाही, हाताला घट्ट गाठ लागली, रक्त आलं तर तारखेची वाट बघू नका. मी दर महिन्याच्या एक तारखेला मुलाला मोबाईलचा टॉर्च लावून दोन्ही गालांचा फोटो काढायला लावते, म्हणजे डॉक्टरांनी मागच्या वेळी कसं होतं विचारलं की आठवत बसायला नको, फोन पुढं करायचा.