डावा आठ, उजवा सात

दिवाळीच्या सेलमध्ये बाबांसाठी चालायचे बूट मागवले, २,४९९ चे ८९९ ला. डावा छान बसला, उजव्यात टाच जाईना. जिभेमागचं लेबल पाहिलं तर डाव्यावर यूके ८, उजव्यावर यूके ७! "राहू दे गं, घालून घालून सैल होईल," बाबा म्हणाले. फार वाईट वाटलं मला.

ॲपवर रिटर्नचं बटणच नव्हतं. चॅटवर एकच उत्तर: सेलचा माल परत घेत नाही. पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. मग दोन्ही लेबलं एकाच फोटोत घेतली, खोक्यावरच्या स्टिकरचाही फोटो काढला आणि ॲपच्या अगदी तळाशी दिलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यांना ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावंच लागतं.

पोच आली, पुढे काहीच नाही. आठवड्याने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली, तेच फोटो जोडले. पाचव्या दिवशी कुरियरवाला बूट घेऊन गेला, दोन दिवसांत पैसे खात्यात.

नवे बूट बाबांना दुकानात नेऊन घेतले, तेही संध्याकाळी, कारण तोवर त्यांचे पाय थोडे सुजलेले असतात.