एचआयव्ही आणि उपजत प्रतिकारशक्ती: उत्तर लिहिताना या चुका टाळा

एम.एस्सी.च्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘एचआयव्ही सीडी४ पेशी मारतो, म्हणून शरीर त्याला अडवू शकत नाही.’ विचारलंय उपजत (जन्मजात, लगेच धावून येणाऱ्या) प्रतिकारशक्तीबद्दल, उत्तर एड्सचं. सीडी४ या संरक्षक पांढऱ्या रक्तपेशी घसरत एड्सपर्यंत जायला वर्षं जातात. विषाणूची पेशीतल्या प्रथिनांशी झटापट मात्र आत शिरल्यापासून काही तासांतच सुरू होते, आणि प्रश्न त्या झटापटीचा असतो.

सगळ्यात डोकं उठवते ती एपोबेक-३जीची चूक. हे विषाणूला अडवणारं पेशीचं प्रथिन; व्हिफ हा त्यावर विषाणूचा उतारा. परभणीकडच्या एका कॉलेजात तोंडी परीक्षा घेत होते. विचारलं, "व्हिफ नसेल तर काय होतं?" पोरगी घडाघडा बोलली, "एपोबेक विषाणू तयारच होऊ देत नाही, मॅडम." पुढचा पोरगा तेच, त्याच्या पुढचाही तेच, शब्दसुद्धा तेच. "मग पुढच्या पेशीत जातं काय, बाळा?" "मॅडम, नोट्समधी एवढंच हाय." नोट्स मागून घेतल्या. झेरॉक्सची झेरॉक्स; एका पेशीतून दुसरीकडे जाणारा बाणच उडालेला!

व्हिफ नसला तरी विषाणू तयार होतो, बाहेरही पडतो. फक्त एपोबेक त्याच्या पोटात बसून जातं. पुढच्या पेशीत आरएनएवरून डीएनए बनू लागला की ते नव्या धाग्यातल्या ‘सी’चा ‘यू’ करतं, म्हणून जोडीच्या धाग्यात ‘जी’च्या जागी ‘ए’ येतो. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या टीजीजी या संकेताचं टीएजी, म्हणजे ‘थांबा’, झालं की प्रथिन तिथंच थांबलं. अशा चुका ढिगानं. म्हणून व्हिफ एपोबेकला आधीच्याच पेशीत गाठतो. तो स्वतः काही कापत नाही बरं का. पेशीच्याच यंत्रणेकडून एपोबेकवर युबिक्विटिनची खूण चिकटवून घेतो आणि प्रथिनं तोडणाऱ्या प्रोटिएसोमकडे धाडतो. मी फळ्यावर आधी दोन पेशी काढते, मगच नावं लिहिते. पोरांना ते बालवाडीचं वाटतं. वाटू दे.

व्हीपीएक्स हे विषाणूचं प्रथिन एचआयव्ही-१ ला चिकटवू नका. ते एचआयव्ही-२ चं, सॅमएचडी१ ला हटवणारं; सॅमएचडी१ म्हणजे डीएनएचा कच्चा माल तोडणारं पेशीचं प्रथिन. एचआयव्ही-१ कडे सॅमएचडी१ वर उतारा नाही, त्यामुळे डेंड्रायटिक (पहारेकरी) पेशींत त्याचा डीएनए फारसा बनत नाही आणि इंटरफेरॉनची, म्हणजे धोक्याच्या इशाऱ्याची, आरोळीही उठत नाही. घाईत वाचणाऱ्यांना हा तोटाच वाटतो; पण आरोळी नाही, म्हणजे विषाणू लपलेला.

टेदरिन हे पेशीचं प्रथिन विषाणूला बाहेर पडताना पेशीच्या पडद्याला बांधून ठेवतं. एचआयव्ही-१ मध्ये त्याला हटवतो विषाणूचा व्हीपीयू. व्हिफ नाही.

‘आत शिरताच कॅप्सिड (विषाणूचं आतलं कवच) फुटतं’ हे आता लिहू नका. 2021 मध्ये अख्खं कॅप्सिड केंद्रकाच्या छिद्रात दिसलं. डीएनए त्याच्या आत झाकलेला राहतो, म्हणून परका डीएनए हुडकणाऱ्या सीगॅस या प्रथिनाला सुगावा लागत नाही. उघड्या पडलेल्या तुकड्यांचा फडशा पेशीचंच ट्रेक्स१ पाडतं.

आणि ‘नेफ सगळे एचएलए काढतो’ हेही चूक. नेफ विषाणूचा; एचएलए म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखपत्रं. तो ए आणि बी खाली ओढतो. सगळेच ओढले असते तर ओळखपत्र नसलेल्यांना मारणाऱ्या एनके पेशींनी ती पेशी लगेच टिपली असती. सी आणि ई ला नेफ हात लावत नाही.