स्वस्तातलं कॅड घेताय? या चुका टाळा

वाळूजच्या छोट्या टूलरूमवाल्याने ऑटोकॅड या कॅडचं, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरचं, वर्षाचं भाडं ऐकलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "स्वस्तातलं काय आहे?" आहे ना. लिब्रेकॅड आणि क्यूकॅडची साधी आवृत्ती फुकट मिळते. झेडडब्ल्यूकॅड, ब्रिक्सकॅड कायमच्या लायसन्सवर घेता येतात. घोळ होतो तो निवडताना.

डेमो बघून भुलू नका. विकणाऱ्याची फ्लँज त्याच्या लॅपटॉपवर सुरेखच दिसणार. आपलं सगळ्यात किचकट जुनं ड्रॉइंग पेनड्राइव्हवर न्या, एक भोक सरकवा, सेव्ह करा आणि ऑटोकॅड असलेल्या ओळखीच्याकडे उघडून बघा. डायमेन्शन तुटली, हॅच (छेद दाखवणाऱ्या तिरप्या रेषा) उडाली, व्यासाच्या चिन्हाजागी प्रश्नचिन्ह आलं, तर तिथंच कळतं. प्रश्नचिन्ह बहुतेकदा फॉन्टमुळे येतं. तेवढ्यावरून सॉफ्टवेअर बाद करू नका.

लिब्रेकॅड डीडब्ल्यूजीत (ऑटोकॅडचा स्वतःचा फाइल फॉरमॅट) सेव्ह करत नाही, डीएक्सएफ (ड्रॉइंगच्या देवघेवीचा फॉरमॅट) देतं. लेझर कटिंगवाल्याला तेच लागतं, त्यामुळे नुसतं पत्र्याचं काम असेल तर पैसे कशाला घालवायचे? पण कंपनी डीडब्ल्यूजीच मागत असेल तर गाडी अडलीच.

गिऱ्हाइकाची डीडब्ल्यूजी फाइल उघडतच नसेल तर ती नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, पण पहिली सहा अक्षरं वाचा. एसी१०३२ म्हणजे २०१८ चा फॉरमॅट, एसी१०२७ म्हणजे २०१३ चा. गिऱ्हाइकाला सांगा, जुन्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करून पाठवा. निम्मी भांडणं इथंच मिटतात.

१०० मिमीची प्लेट २५४० मिमी दिसतेय? डीएक्सएफ इंचात धरली गेली. आधी युनिट तपासा, मगच स्केल करा. एकावर एक बसलेल्या रेषा तर डोळ्यांना दिसतच नाहीत. लेझर मात्र त्याच जागी दोनदा फिरतो, पत्रा जळतो आणि बिलही वाढतं. दुहेरी रेषा काढणारी कमांड आहे का, हे घेण्याआधीच विचारा.

आणि फुकट ते कायम फुकट राहील, हे धरून चालू नका. ड्राफ्टसाइट नावाच्या कॅडची फुकट आवृत्ती कित्येकांनी वर्षानुवर्षं वापरली, २०१९ अखेर ती बंद झाली. पोराच्या कॉलेजची स्टुडंट आवृत्ती वर्कशॉपात लावणं तर लायसन्सच्या अटीतच बसत नाही. त्यापेक्षा लिब्रेकॅड बरं. सगळ्या ड्रॉइंगची डीएक्सएफ प्रत मात्र वेगळ्या फोल्डरात ठेवत चला.