हिवाळ्यात दुर्मिळ पक्षी दिसला तर नोंद कशी करावी

पक्ष्याचं नाव सगळ्यात शेवटी लिहा. आधी नाव ठरवलं की मग नजर त्याला जुळणाऱ्या खुणाच शोधते, आणि न जुळणाऱ्या खुणा निसटून जातात. चांगल्या निरीक्षकांच्या नोंदीही इथेच फसतात.

ग्रेटर स्कॉपचंच घ्या. महाराष्ट्रात हे बदक क्वचितच दिसतं. शेंडी बदकं मात्र हिवाळ्यात येतात, आणि त्यांच्या काही माद्यांच्या चोचीच्या मुळाशी चांगला ठळक पांढरा पट्टा असतो. उजनी जलाशयावर अशी मादी दिसली की स्कॉपच वाटते. पंखावरची पांढरी पट्टी दोघांनाही असते, त्यामुळे तिचा उपयोग नाही. शेंडीवरही विसंबू नका: पाण्यात बुडी मारताना ती डोक्याला चिकटून बसते आणि कमी वयाच्या पक्ष्यांत नीट दिसतच नाही. चोचीचं टोक बघा. शेंडी बदकाच्या चोचीचं अख्खं टोक काळं असतं, स्कॉपच्या टोकाला मधोमध फक्त छोटा काळा ठिपका असतो. झोपलेल्या बदकाची चोच पिसांत असते, तेव्हा ते जागं होईपर्यंत थांबा.

जागेवरच टिपून घ्या
पक्षी समोर असतानाच वहीत लिहा किंवा फोनवर बोलून ठेवा: शेजारच्या ओळखीच्या पक्ष्यापेक्षा मोठा की लहान, डोक्याचा आकार, चोच, पाठ, वागणं. अंतर, दुर्बीण (उदा. ८×४२), किती वेळ पाहिला आणि ऊन कोणत्या बाजूने होतं, हेही लिहा. कोवळ्या उन्हात करडी पिसं तांबूस दिसतात.

फोटो
धूसर असला तरी काढा. एकाच चांगल्या फोटोच्या मागे न लागता बाजूने, समोरून आणि उडताना असे निरनिराळे घ्या. रंग बदलू नका. कॅमेऱ्याचं घड्याळ निघण्याआधीच तपासा, चुकीच्या तारखेमुळे चांगली नोंदही शंकास्पद ठरते. होडी जवळ नेऊन थवा उठवू नका. खाण्याच्या वेळेत त्यांची शक्ती वाया जाते.

ई-बर्डवर भरताना
ई-बर्ड हे पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारं ॲप आहे. त्यात वेळ, चाललेलं अंतर आणि ओळखलेले सगळे पक्षी संख्येसह भरा. लांब फेरी असेल तर प्रत्येक जागेची वेगळी यादी करा. दुर्मिळ पक्ष्यासाठी ॲप तपशील मागतं. तिथे ‘नक्की तोच, फोटो आहे’ एवढं लिहून भागत नाही. असं लिहा: ‘अंदाजे ६० मीटरवरून १५ मिनिटं पाहिला. शेजारच्या शेंडी बदकांपेक्षा मोठा, डोकं गोल, शेंडी नाही. चोचीच्या टोकाला फक्त छोटा काळा ठिपका, म्हणून शेंडी बदकाची मादी नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. काय वगळलं आणि का, हेच तपासणाऱ्याला हवं असतं.

तपासणारे स्वयंसेवक असतात. त्यांनी प्रश्न विचारला तर तो अविश्वास समजू नका, उत्तर द्या. खात्री नसेल तर ‘बदक, प्रजाती अनिश्चित’ असा पर्याय निवडा. तीही प्रामाणिक आणि कामाची नोंद आहे.

जागा कुणाला सांगावी
उघड्या जलाशयावरच्या बदकाची सांगायला हरकत नाही. माळरानावर जमिनीवर बसणारं आखूड कानांचं घुबड किंवा भोवत्यांची (हॅरियर या शिकारी पक्ष्यांची) रात्री मुक्कामाची जागा मात्र समूहांवर टाकू नका. दुसऱ्याच दिवशी गाड्या गवतात शिरतात आणि पक्षी जागा सोडतात.

पुढच्या दिवसांत पुन्हा गेलात आणि तो दिसला नाही, तरी पूर्ण यादी भरा. तो किती दिवस थांबला, हे त्या यादीवरूनच कळतं.